कागदावरच राहिलेली रेषा

भारत-चीन सीमेची बातमी आली की मॅकमोहन रेषेचं नाव येतंच. पण ज्याच्या नावाची ही रेषा आहे तो माणूस कोण होता? आयुष्यभर सीमा आखणाऱ्या या अधिकाऱ्याला कागदावरची आणि जमिनीवरची सीमा यांतला फरक नीट माहीत होता. तरीही त्याच्या नावाची सगळ्यात मोठी रेषा कागदावरच राहिली.

मॅकमोहन म्हटलं की आपल्या आईबाबांना ‘शोले’मधला सांभा आठवतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मित्राला आठवतो तो जोड्या लावा मधला एक मार्क. रॅडक्लिफ म्हणजे भारत-पाकिस्तान, ड्युरँड म्हणजे पाकिस्तान-अफगाणिस्तान, मॅकमोहन म्हणजे भारत-चीन. पाठ केलं, लिहिलं, विसरलो.

मुळात त्याचं आडनाव मॅकमोहन नाहीच. तो सर आर्थर हेन्री मॅकमहॉन. आपल्या पुस्तकांत कधीतरी त्याचा मोहन झाला आणि तेच नाव रुळलं. गंमत म्हणजे त्याच्या नावाचा एक विषारी सापही आहे. बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानच्या वाळूत राहणारा, नाकावर पानासारखे खवले असलेला हा साप. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘मॅकमहोनी’ हा शब्द याच माणसावरून आला. सीमा आखायला गेलेल्या तुकडीला तो सापडला, आणि १८९०च्या दशकात कोलकात्यातल्या शास्त्रज्ञांनी तुकडीच्या प्रमुखाचं नाव त्याला देऊन टाकलं.

एक साप आणि एक सीमा. सापाच्या नावावरून कोणी भांडत नाही. सीमेवरून मात्र युद्ध झालं.

शिमल्यात जन्मलेला साहेब

हेन्रीचा जन्म २८ नोव्हेंबर १८६२चा, आणि तोही शिमल्यातला. पुढे ज्या गावातल्या परिषदेमुळे तो इतिहासात गेला, तेच त्याचं जन्मगाव. वडील चार्ल्स मॅकमहॉन लष्करी अधिकारी होते, नंतर पंजाबात प्रशासनात गेले. पण त्यांचा खरा नाद होता भूगर्भशास्त्राचा. हिमालयातल्या खडकांवर त्यांनी शोधनिबंध लिहिले. म्हणजे डोंगर हा या घरातला विषयच होता.

शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजातून बाहेर पडून हेन्री १८८३ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि लवकरच हिंदुस्थानात परतला. पंजाबच्या सरहद्दीवर काही काळ शीख पलटणीत काढला. मग त्याने बंदुकीची नोकरी सोडून फायलींची धरली. ब्रिटिश सरकारचा ‘पोलिटिकल’ विभाग म्हणजे संस्थानं, टोळ्या आणि शेजारचे राजे यांना सांभाळणारं खातं. लष्करातून आलेल्या हुशार तरुणांना तिथे भराभर वर जाता यायचं.

१८९३ मध्ये सर मॉर्टिमर ड्युरँड काबूलला गेला. अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान याच्याशी बोलून हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यातली रेषा ठरवायची होती. या शिष्टमंडळात एकतिशीला आलेला मॅकमहॉनही होता. करार झाला, रेषा ठरली आणि मोठे साहेब परतले. प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन ती रेषा आखण्याचं काम मग धाकट्यांच्या वाट्याला आलं.

खांब रोवण्याची दोन वर्षं

१८९४ ते १८९६ या काळात मॅकमहॉन बलुचिस्तान-अफगाणिस्तान सीमा आखत फिरत होता. गोमल नदीच्या बाजूला असलेल्या डोमंडीपासून इराणच्या हद्दीवरच्या कोह-ए-मलिक-सियाह या डोंगरापर्यंत. अंतर शेकडो मैलांचं, वाटेत कोरडे डोंगर आणि वाळवंट. पाणी उंटांवरून न्यायचं. अफगाण प्रतिनिधी सोबत असायचे आणि प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक विहिरीवर वाद व्हायचे. एकमत झालं की तिथे दगडांचा खांब रचायचा, त्याचं वर्णन लिहायचं आणि पुढे निघायचं.

याच कामातून त्याने एक गोष्ट मांडली. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्यांना ती आजही शिकावी लागते. सीमेची कामं दोन असतात. पहिलं, सीमा ठरवणं. हे टेबलावर होतं. करारात शब्द लिहिले जातात, नकाशावर रेघ ओढली जाते. दुसरं, सीमा आखणं. हे जमिनीवर होतं. दोन्ही बाजूंची माणसं एकत्र चालतात, खुणा करतात, खांब उभे राहतात. पहिलं झालं म्हणजे दुसरं झालं असं नसतं. टेबलावर सोपं वाटणारं वाक्य डोंगरात पोचलं की त्याचे चार अर्थ निघतात.

हे मॅकमहॉनला पायी फिरून कळलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०३ मध्ये त्याला पुन्हा वाळवंटात पाठवलं गेलं, या वेळी लवाद म्हणून. इराण आणि अफगाणिस्तान यांच्यात सिस्तान प्रांतावरून आणि हेलमंद नदीवरून भांडण होतं. नदी पात्र बदलायची आणि नदीबरोबर सीमाही सरकायची. मॅकमहॉन दोन वर्षांहून जास्त तिथे राहिला. वादळी वारे, थंडी, उन्हाळा हे सगळं सोसून त्याच्या पथकाने मोजणी केली. १९०५ मध्ये त्याने पाण्याचा निवाडा दिला: ठराविक ठिकाणी पोचणाऱ्या पाण्याचा एक तृतीयांश वाटा इराणला. इराणने तो मानला नाही. हेलमंदच्या पाण्यावरून हे दोन देश अजून भांडतात. मे २०२३ मध्ये तर याच तणावात सीमेवर गोळीबार झाला आणि दोन्हीकडची माणसं मेली.

त्याने आखलेल्या दुसऱ्या सीमेचंही तेच. ड्युरँड रेषा अफगाणिस्तानातल्या सरकारांनी मनापासून कधी स्वीकारली नाही. म्हणजे खांब रोवूनही प्रश्न सुटतोच असं नाही. मग जिथे खांबच नाहीत तिथे काय होणार?

शिमला, ऑक्टोबर १९१३

१९११ मध्ये मॅकमहॉन हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव झाला. वय पन्नाशीच्या जवळ. टेबलाच्या या बाजूला बसण्याची पाळी आता त्याची होती. आणि ईशान्येकडून एकामागून एक बातम्या येत होत्या.

१९१० मध्ये चिनी सैन्य ल्हासात घुसलं आणि तेरावे दलाई लामा पळून हिंदुस्थानात आले. चिनी तुकड्या आसामच्या डोंगरांच्या पलीकडे दिसायला लागल्या. आसामात तेव्हा चहाचे मळे होते, तेल होतं. डोंगरात मात्र ब्रिटिशांचं राज्य नावापुरतंही नव्हतं. १९११च्या मार्चमध्ये नोएल विल्यमसन हा ब्रिटिश अधिकारी आदी लोकांच्या मुलखात मारला गेला, आणि सरकारला कळलं की आपल्याला हा भाग माहीतच नाही. त्याच वर्षी चीनमध्ये क्रांती झाली, राजवट कोसळली, तिबेटमधलं चिनी सैन्य हाकललं गेलं आणि १९१३ मध्ये दलाई लामा ल्हासाला परतले.

ब्रिटिशांना ही संधी वाटली. १३ ऑक्टोबर १९१३ रोजी शिमल्यात त्रिपक्षीय परिषद सुरू झाली. ब्रिटिशांकडून मॅकमहॉन. तिबेटकडून लोन्चेन शात्रा, तिथले ज्येष्ठ मंत्री. चीनकडून इव्हान चेन, लंडनमध्ये राहून आलेले मुत्सद्दी. मुख्य विषय होता तिबेटचा दर्जा आणि तिबेट-चीन सीमा. महिनोन्‌महिने त्यावरच घासाघीस झाली. तिबेटचे ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ असे दोन भाग करण्याचा तोडगा मॅकमहॉनने काढला.

हिंदुस्थान-तिबेट सीमेचा मुद्दा मात्र मोठ्या टेबलावर चर्चेला आलाच नाही. तो मॅकमहॉन आणि शात्रा यांच्यात, बाजूला सुटला. २४ आणि २५ मार्च १९१४ रोजी दिल्लीत दोघांनी एकमेकांना पत्रं दिली. सोबत दोन तुकड्यांचा नकाशा होता आणि त्यावर भूतानपासून बर्मापर्यंत गेलेली लाल रेषा होती. इव्हान चेन या देवाणघेवाणीत नव्हते.

ही रेषा हवेतून आली नव्हती. १९१३ मध्ये फ्रेडरिक बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोन अधिकारी त्सांगपोच्या, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून पायी फिरून तवांगपर्यंत आले होते. त्यांची माहिती नकाशासाठी वापरली गेली. तत्त्वही साधं होतं: पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं तो हिमालयाचा उंच कडा म्हणजे सीमा.

पण नकाशाचं प्रमाण होतं एक इंचाला आठ मैल. जरा हिशेब करा. शाईची रेघ एक मिलिमीटर जाड असेल, तर जमिनीवर ती साधारण अर्धा किलोमीटर रुंद होते. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये एखादी खिंड, एखादं कुरण, एखादी चौकी सहज मावते. शिवाय पत्रांमध्ये एक मोकळी जागा होती. त्सो कार्पो आणि त्सारी सारपा ही तिबेटींची दोन पवित्र ठिकाणं रेषेपासून ब्रिटिश बाजूला एका दिवसाच्या चालीत निघाली, तर ती तिबेटमध्ये धरायची असं ठरलं. म्हणजे ती नेमकी कुठे आहेत हे ठरवणाऱ्यांनाही नक्की माहीत नव्हतं. नंतर जाऊन बघू, असा सगळा मामला.

ते नंतर कधी आलंच नाही.

२७ एप्रिल १९१४ रोजी चेन यांनी करारावर आद्याक्षरं केली. दोनच दिवसांत चीन सरकारने ती नाकारली. ३ जुलैला शिमल्यात शेवटची बैठक झाली आणि ब्रिटन व तिबेट यांनी चीनशिवाय आपापसांत करार बंधनकारक मानला. महिनाभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं. ज्याला सीमा ठरवणं आणि आखणं यांतला फरक सगळ्यात चांगला ठाऊक होता, त्याच्या नावाची रेषा ठरली. आखायला मात्र कोणी गेलं नाही.

कैरोतली पत्रं

मॅकमहॉनची बदली झाली इजिप्तला. १९१५च्या सुरुवातीला तो ब्रिटिश उच्चायुक्त म्हणून कैरोत पोचला. तुर्की साम्राज्य जर्मनीच्या बाजूने लढत होतं आणि ब्रिटनला अरबांनी तुर्कांविरुद्ध उठाव करायला हवा होता. जुलै १९१५ ते मार्च १९१६ या काळात मॅकमहॉन आणि मक्केचे शरीफ हुसेन यांच्यात दहा पत्रं गेली-आली. उठावाच्या बदल्यात अरबांना स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं गेलं. पण सीमांचं वर्णन असं होतं की पॅलेस्टाईन त्या आश्वासनात येतं की नाही, यावर आजही ग्रंथ लिहिले जातात.

त्याच सुमारास ब्रिटन आणि फ्रान्सने गुपचूप हाच मुलूख आपापसांत वाटून घेतला. तो सायक्स-पिको करार. १९१६ संपता संपता मॅकमहॉनच्या जागी दुसरा माणूस आला. पुढे १९३७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकाला पत्र लिहून त्याने सांगितलं की पॅलेस्टाईन त्या आश्वासनात धरायचा आपला हेतू नव्हता. अरबांना ते पटलं नाही. पटणार तरी कसं? बावीस वर्षांनी सांगितलेला हेतू आणि तेव्हा लिहिलेले शब्द, यांत समोरचा शब्दच धरणार.

हिमालय आणि अरबस्तान या दोन टोकांना एकाच माणसाची सही आहे आणि दोन्हीकडे अडचण तीच आहे. सही करताना धूसर ठेवलेली जागा नंतर दुसऱ्यांना भरावी लागली.

फायलीत झोपलेली रेषा

इकडे शिमल्याच्या कराराचं काय झालं? तो जवळपास विसरला गेला. १९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियात असं ठरलं होतं की तिबेटशी बोलायचं तर चीनच्या मार्फत बोलायचं. त्यामुळे शिमल्याचा करार मिरवण्यासारखा नव्हता. तो छापला गेला नाही आणि सरकारी नकाशे जुनीच सीमा दाखवत राहिले. तवांगमधले मोनपा लोक पूर्वीसारखाच तिबेटी अधिकाऱ्यांना कर देत राहिले.

१९३५ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड हा वनस्पती शोधणारा ब्रिटिश भटक्या परवानगी न घेता तिबेटमध्ये शिरला. ल्हासाने तक्रार केली. ऑलाफ केरो या अधिकाऱ्याने फायली उघडल्या आणि त्याला मॅकमहॉनची रेषा सापडली. मग घाई सुरू झाली. १९३७ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर रेषा आली.

१९३८ मध्ये तर कमालच झाली. सरकारी करारांच्या ग्रंथमालेचा १९२९चा खंड पुन्हा छापला गेला, त्यात शिमल्याचा करार घातला गेला आणि मुखपृष्ठावर वर्ष मात्र १९२९च ठेवलं गेलं. जुन्या प्रती परत मागवून नष्ट केल्या. एक प्रत अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात राहिली. १९६३ मध्ये एका ब्रिटिश मुत्सद्द्याने दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा हा प्रकार उघड झाला.

हे वाचून रेषाच खोटी होती असं कोणाला वाटेल. तसं नाही. १९१४ची पत्रं आणि नकाशा खरे होते, तिबेटची संमती खरी होती. पण खऱ्या गोष्टीला मागची तारीख लावली की ती संशयास्पद दिसायला लागते.

मॅकमहॉन तेव्हा निवृत्त होऊन लंडनमध्ये राहत होता. २९ डिसेंबर १९४९ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी तो वारला. त्याआधी तीनच महिने बीजिंगमध्ये माओंनी नव्या चीनची घोषणा केली होती. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता. रेषा ज्यांना सांभाळायची होती ते दोन्ही वारस नवे होते. आखणाऱ्याला पुढचं काही बघावं लागलं नाही.

रेषेवरचा कडा

फेब्रुवारी १९५१ मध्ये मणिपूरचे मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन तवांगला पोचले आणि तिथे भारताचं प्रशासन सुरू झालं. १९५९ मध्ये चौदावे दलाई लामा याच वाटेने भारतात आले.

चीनचं म्हणणं ठरलेलं होतं: तिबेट सार्वभौम नव्हता, त्यामुळे त्याला सीमा ठरवण्याचा अधिकार नव्हता. भारताचं म्हणणं: तिबेट तेव्हा स्वतःचा कारभार स्वतः करत होता, चीनही त्याच्याबरोबर एका टेबलावर बसला होता, मग आता नकार कसा? यात एक गोष्ट बोलकी आहे. १९६० मध्ये चीनने बर्माशी सीमाकरार केला. तिथे हीच रेषा, नाव न घेता, मोठ्या प्रमाणात स्वीकारली. भारताशी मात्र तसं झालं नाही.

१९६२ मध्ये ठिणगी पडली ती नेमकी शाईच्या जाडीत. तवांगच्या पश्चिमेला ठागला नावाचा कडा आहे. चीनचं म्हणणं, १९१४च्या नकाशावरची रेषा कड्याच्या दक्षिणेकडून जाते. भारताचं म्हणणं, उंच कडा म्हणजे सीमा हेच रेषेचं तत्त्व आहे, म्हणून सीमा ठागलावर. कागद एक सांगत होता, तत्त्व दुसरं. दोन्ही बाजूंनी मिळून जमिनीवर खांब रोवले असते, तर हा प्रश्न तेव्हाच टेबलावर आला असता.

२० ऑक्टोबर १९६२च्या पहाटे ठागलाच्या पायथ्याशी, नामका चू नदीच्या काठावर हल्ला झाला. जवानांकडे थंडीचे पुरेसे कपडेही नव्हते. तवांग गेलं, सेला गेला, बोमडिला गेलं. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम केला आणि पूर्वेकडे पुन्हा याच रेषेमागे गेला. अधिकृत आकड्यांनुसार या युद्धात भारताचे १,३८३ जवान मारले गेले. संरक्षणमंत्र्यांना पद सोडावं लागलं आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं आपल्याकडे म्हणतात ते त्याच वेळचं.

न विचारलेली माणसं

मॅकमहॉन खलनायक होता का? तसं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. तो कामाला वाघ होता, मोजणी नीट करायचा, ऊन-वारा सोसायचा. हिमालयाची रेषा त्याने नैसर्गिक कड्यावरून नेली आणि आज भारताची पूर्वेकडची बाजू त्याच कागदावर भक्कम उभी आहे. पण तो साम्राज्याचा नोकर होता. साम्राज्याला तेव्हा चीनला दूर ठेवायचं होतं, बाकीचं नंतर बघता येणार होतं. काम अर्धं ठेवून तो पुढच्या पोस्टिंगवर गेला.

शिमल्याच्या त्या टेबलावर ना मोनपा होते, ना आदी, ना मिश्मी. ज्यांच्या कुरणांवरून, ज्यांच्या गोंपांवरून ती लाल शाई गेली, त्यांना कोणी विचारलं नाही. सहावे दलाई लामा तवांगचे. तिथल्या मठाचं नातं ल्हासाजवळच्या द्रेपुंग मठाशी. आणि आज तिथल्या माणसांची मतदान केंद्रं, शाळा, लष्करातली मुलं भारताची. त्यांनी मत देऊन, राहून, लढून या प्रश्नाचं उत्तर दिलेलं आहे. १९८७ पासून अरुणाचल प्रदेश हे पूर्ण राज्य आहे. तरी चीन तिथल्या गावांना, डोंगरांना नवी चिनी नावं देणाऱ्या याद्या अधूनमधून काढतो. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ यांगत्से इथे दोन्हीकडचे सैनिक हाणामारीवर आले. जमिनीवरचे खांब अजूनही नाहीत.

आता सेला बोगदा झालाय. आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत बाइकवरून तवांगला जातात, बुमलाला फोटो काढतात, रील टाकतात. जरूर जा. फक्त तिथे उभं राहिल्यावर फोनमधला नकाशा झूम करून बघा. स्क्रीनवर बारीक दिसणारी ती रेघ दिल्लीतल्या एका खोलीत दोन माणसांनी मान्य केली होती. तिच्यापायी पहाऱ्याला उभी असलेली मुलं आपल्याच वयाची आहेत.